मेल बिनचूक जाते, कॉलवर मात्र दातखीळ बसते

पत्राचा सारांश: भोसरी औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या कारखान्यात निर्यात विभागाचे काम पाहणाऱ्या ३८ वर्षांच्या एका वाचक भगिनीचे हे पत्र आहे. त्यांचे शालेय शिक्षण जुन्नर तालुक्यात मराठी माध्यमातून झाले. पुढे पुण्यात बी.कॉम. करून त्या डिस्पॅचच्या कामाला लागल्या आणि आज इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, कस्टम्स एजंटचा पाठपुरावा हे सारे त्यांच्याच हातात आहे. जर्मनी आणि इटलीतील ग्राहकांशी मेलवरचा व्यवहार त्या अनेक वर्षे चोख सांभाळत आल्या आहेत. आता साहेबांनी सांगितले आहे की, दर पंधरवड्याचा ऑनलाइन आढावा कॉलही यापुढे त्यांनीच घ्यावा. तो जमला तर विभागप्रमुखपद त्यांना मिळेल. पहिल्या दोन कॉलमध्ये काय झाले ते त्यांच्याच शब्दांत: "समोरचा काय म्हणतो ते सगळे कळत होते, उत्तरही माहीत होते, पण वाक्य जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. शेवटी माझ्या हाताखाली काम करणारा, इंग्रजी माध्यमात शिकलेला मुलगाच बोलला." इंग्रजी संभाषणाचा एक क्लास त्यांनी पूर्वी पूर्ण केला आहे. आता त्यांच्यापुढे तीन वाटा आहेत: ४०,००० रुपयांचा नवा कोर्स करणे, घरात सर्वांनी इंग्रजीतच बोलायचे असा नियम करणे, ज्याला सासूबाईंचा विरोध आहे, किंवा साहेबांना नम्रपणे नकार देऊन कॉलचे काम त्या मुलाकडे सोपवणे. यातले काय करावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात "माझे इंग्रजी कच्चे आहे" हे वाक्य पुन्हा पुन्हा येते, आणि मला सर्वप्रथम त्याच वाक्याविषयी बोलायचे आहे. कंटेनर ठरलेल्या बोटीवर का चढला नाही, तो पुढच्या बोटीवर कधी जाईल, त्यामुळे ग्राहकाच्या कारखान्यात माल किती दिवस उशिरा पोहोचेल आणि तोवर त्याची उत्पादनाची लाइन थांबू नये म्हणून थोडा माल विमानाने पाठवता येईल का, हे सगळे मेलमध्ये मुद्देसूद लिहिणाऱ्या माणसाचे इंग्रजी कच्चे असू शकत नाही. युरोपीय परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषा-पातळ्यांच्या चौकटीत ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या आहेत. तुम्ही पत्रात जोडलेल्या मेलच्या नमुन्यावरून तुमचे लेखन मधल्या दोन पायऱ्यांपैकी वरच्या पायरीवरचे, म्हणजे बी-२ च्या आसपासचे दिसते. बोलणे एखादी पायरी मागे असेल. तेव्हा प्रश्न असा विचारायला हवा की, जी भाषा तुमच्या बोटांना येते ती जिभेवर वेळेत का येत नाही. हा प्रश्न एकदा नीट मांडला, की तुमच्या तिन्ही वाटांकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

सगळी अडचण वेळेची आहे. नेदरलँड्समधल्या नायमेगेन येथील माक्स प्लांक भाषामानसशास्त्र संस्थेतील संशोधकांनी २००९ मध्ये दहा भाषांमधील संभाषणे तपासली. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंतचा सर्वसाधारण अवधी त्यांना सेकंदाच्या पाचव्या भागाइतका आढळला. उलट, चित्रातली वस्तू पाहून तिचे नाव उच्चारायला लागणारा वेळ प्रयोगशाळेत मोजला, तर एका शब्दालाही सेकंदाच्या अर्ध्याहून अधिक काळ लागतो. याचा अर्थ उघड आहे: समोरचा बोलत असतानाच ऐकणारा आपले उत्तर मनात जुळवू लागलेला असतो, मग ती त्याची मातृभाषा का असेना. मातृभाषेत हे जमते, कारण वाक्याचे मोठे तुकडे आधीपासून तयार असतात आणि त्यांत फक्त नवा तपशील बसवायचा असतो. तुम्ही मात्र "गेल्या मंगळवारचा कंटेनर कट-ऑफ चुकल्यामुळे त्या बोटीवर गेला नाही" (कट-ऑफ म्हणजे बोटीसाठी माल बंदरात पोहोचवण्याची शेवटची वेळ) असे पूर्ण मराठी वाक्य आधी मनात रचता. त्यात क्रियापद शेवटी येते. इंग्रजीत ते कर्त्यापाठोपाठ हवे असते, म्हणून वाक्य उलगडून पुन्हा बांधावे लागते. मेल लिहिताना या उलगडण्याला कितीही मिनिटे मिळतात, कॉलवर एक सेकंदही मिळत नाही. तुमच्या मौनाचे कारण एवढेच आहे. त्यात बुद्धीचा, माध्यमाचा किंवा जुन्नरच्या शाळेचा काहीही दोष नाही.

तुमचे दुसरे गृहीतक असे दिसते की, कॉलवरची माणसे तुमची तुलना त्या मुलाच्या इंग्रजीशी करत असतील. ती माणसे कोण आहेत, याचा जरा विचार करा. जर्मन खरेदी अधिकारी आणि इटालियन नियोजक यांच्यापैकी कोणाचीही मातृभाषा इंग्रजी नाही. तेही शाळेत शिकलेल्या इंग्रजीवर काम भागवतात आणि वेगाने, वळणे घेत बोलणारा माणूस त्यांनाही अवघड जातो. वर उल्लेखिलेल्या चौकटीच्या मूळ आवृत्तीत बी-२ पातळीचे वर्णन करताना मातृभाषकांशी सहज बोलता येण्याचा निकष होता; पुढे निघालेल्या पूरक खंडात मातृभाषकाचा हा मापदंडच काढून टाकण्यात आला. जेनिफर जेन्किन्स या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ बाईंनी तर २००० मध्येच असे मांडले होते की, निरनिराळ्या मातृभाषांचे लोक इंग्रजीत बोलतात तेव्हा समजण्याच्या आड येणाऱ्या गोष्टी थोड्याच असतात: ऱ्हस्व-दीर्घ स्वरांतला फरक, बहुतेक व्यंजने, शब्दाच्या आरंभीची जोडाक्षरे आणि वाक्यातल्या महत्त्वाच्या शब्दावरचा जोर. बाकीचा 'ॲक्सेंट' मराठी राहिला तरी कोणाचे काही अडत नाही. म्हणून उच्चारांवर मेहनत घ्यायचीच असेल, तर 'शिप' आणि 'शीप' वेगळे ऐकू येतील अशी घ्या, आणि "द कंटेनर लेफ्ट ऑन ट्यूसडे, नॉट मंडे" या वाक्यात दोन्ही वारांवर स्पष्ट जोर द्या. अमेरिकन वळणाने 'र' घोळवण्यात एक मिनिटही घालवू नका.

आता तुमच्या तीन वाटांविषयी.

कोर्सला माझा सरसकट विरोध नाही. पण पैसे भरण्यापूर्वी एकच गोष्ट विचारा: एका तासात मला स्वतःला किती मिनिटे बोलायला मिळेल? वर्गात वीस जण असतील आणि तासातला अर्धा वेळ शिकवणारे बोलत असतील, तर उरलेली तीस मिनिटे वीस जणांत वाटली जाऊन तुमच्या वाट्याला दीड मिनिट येते. तुमच्या आधीच्या क्लासचे हेच झाले असणार. त्यात व्याकरण झाले, शब्दांच्या याद्या झाल्या, "माझा आवडता सण" यावर भाषणही झाले, पण "तुमच्या मागच्या लॉटमध्ये गंज आढळला, पॅकिंग कसे केले होते?" या प्रश्नाला तोंडी उत्तर देण्याचा सराव कोणी करून घेतला नाही. ४०,००० रुपये ही लहान रक्कम नाही. तेवढे खर्च करायचेच असतील तर एखाद्या अनुभवी शिक्षकाकडे एकट्याने किंवा दोघी-तिघींनी मिळून शिकवणी लावा, आणि तिथे फक्त तुमच्याच कामाच्या विषयांवर बोलायचे असे पहिल्या दिवशीच ठरवून घ्या.

घरातल्या नियमाबाबत मी सासूबाईंच्या बाजूने आहे. घरी बोलायचे विषय म्हणजे भाजी, शाळेचा डबा, पाण्याचा टँकर आणि नातेवाइकांची लग्ने. यांचे इंग्रजी रोज बोलून पक्के झाले तरी ते आढावा कॉलवर कामाला येणार नाही, कारण तिथे लागणारे वाक्यांचे तयार तुकडे अगदी वेगळे असतात. शिवाय दिवसभर कारखान्यात दमून आल्यावर घरातही मोजून-मापून बोलावे लागले, तर इंग्रजीविषयीची धास्ती वाढण्याचीच शक्यता अधिक. आणि ज्या घरातली आजी संभाषणातून बाहेर पडते त्या घराचे नुकसान कोणत्याही बढतीने भरून निघत नाही, असे मला मनापासून वाटते.

तिसरी वाट, म्हणजे नकार. तो द्यावासा वाटणे मी समजू शकते, आणि काही परिस्थितींत तो शहाणपणाचाही ठरतो. पण तुमच्या बाबतीत त्याची किंमत जरा मोजून पाहा. त्या मुलाला इंग्रजी येते. कट-ऑफ चुकल्यावर कोणाला फोन करायचा, न्हावा शेव्याला कंटेनर अडकला तर कोणता कागद आधी पाहायचा, हे त्याला येत नाही. कॉलवर तो बोलेल, पण प्रत्येक अवघड प्रश्नाला तुमच्याकडे वळून पाहील आणि उत्तर तुमच्याकडून घेऊन पुढे देईल. ग्राहकाच्या मनात निर्णय घेणारी व्यक्ती म्हणून त्याचेच नाव बसेल. तुम्ही नकार दिलात तर तो कामाच्या भीतीपोटी असेल, कामाच्या नावडीपोटी नव्हे, आणि हे तुमच्या पत्रातच ओळीओळीत दिसते.

म्हणून मी चौथी वाट सुचवते. "बोलत राहा, आपोआप येईल" हा सल्ला तुम्हाला अनेकांनी दिला असेल. मला तो अपुरा वाटतो. नुसते बोलत राहिल्याने जे येते तेच पुन्हा पुन्हा बोलले जाते आणि जिथे अडते तिथे रोजच अडत राहते. तुम्हाला साऱ्या इंग्रजी संभाषणाची तयारी करायची नाही, तुमच्या एका कॉलची करायची आहे. मागच्या सहा-सात कॉलच्या मिनिट्स, म्हणजे बैठकीच्या लेखी नोंदी, काढून बघा. विषय फिरून-फिरून तेच निघतील: मागच्या पंधरवड्यात काय गेले, पुढे काय जाणार, कुठे उशीर आहे आणि का, कोणत्या लॉटबद्दल तक्रार आहे, कोणते कागद राहिले आहेत, नवे शेड्यूल कधी येणार, आणि भाड्याचा किंवा पॅकिंगचा खर्च कोणी सोसायचा. या प्रत्येक विषयासाठी दोन-तीन वाक्ये अशी निवडा की ज्यांत फक्त तारीख, आकडा किंवा भागाचे नाव बदलावे लागेल. "द शिपमेंट इज डिलेड बाय फोर डेज, बिकॉज वी मिस्ड द कट-ऑफ." "वी आर प्लॅनिंग टू शिप द बॅलन्स क्वांटिटी इन वीक थर्टी-टू." "कुड यू प्लीज सेंड अस द फोटोज ऑफ द अफेक्टेड पार्ट्स?" ही वाक्ये तुम्ही मेलमध्ये असंख्य वेळा लिहिली आहेत. ती आता मोठ्याने, उभे राहून, हातात कागद न धरता इतक्या वेळा म्हणा की तोंडातून बाहेर पडताना विचार करावा लागणार नाही. युरोपातले ग्राहक आठवडे क्रमांकाने मोजतात, तेव्हा आठवड्यांचे आकडे आणि तारखा यांची सांगडही याच सरावात घालून टाका.

पुढची पायरी म्हणजे तोच मजकूर वेळेच्या कचाट्यात बोलणे. भाषाशिक्षणात 'चार-तीन-दोन' नावाची एक जुनी पद्धत आहे. कीथ मॉरिस यांनी ती १९८३ मध्ये मांडली आणि न्यूझीलंडचे अभ्यासक पॉल नेशन यांनी १९८९ मध्ये तिचे परिणाम तपासले. पद्धत अशी: एकच विषय आधी चार मिनिटांत सांगायचा, लगेच दुसऱ्या श्रोत्याला तोच तीन मिनिटांत सांगायचा आणि तिसऱ्याला दोन मिनिटांत. आशय तोच राहिल्यामुळे डोक्याचे काम कमी होते आणि जीभ मोकळी होते. नेशन यांना बोलण्याचा वेग वाढलेला आणि अडखळणे कमी झालेले आढळले. तीन श्रोते रोज मिळणार नाहीत, म्हणून फोनचा रेकॉर्डर लावा. "या पंधरवड्याची डिस्पॅचची स्थिती" हा विषय घ्या, कागदावर पाचच शब्द लिहा, वाक्य एकही लिहू नका, आणि ओळीने तीनदा बोला. संध्याकाळी फक्त तिसरे रेकॉर्डिंग ऐका. ऐकताना सगळ्या चुका शोधत बसू नका, एका वेळी एकच गोष्ट धरा. या आठवड्यात क्रियापदाचा काळ बघायचा असेल तर तोच बघा. 'अ' आणि 'द' राहून गेले तर राहू द्या. मराठीत ही उपपदे नसल्यामुळे ती सुटतातच, आणि ती सुटली म्हणून कोणाचा कंटेनर चुकीच्या बंदरात जात नाही.

इथवर झाले तुमच्या बाजूच्या बोलण्याचे. समोरून अनपेक्षित प्रश्न आला म्हणजे काय, हा तुमच्या भीतीचा खरा गाभा आहे. अशा वेळी लगेच संपूर्ण उत्तर द्यावे अशी अपेक्षा कोणीही करत नाही. अपेक्षा असते ती काहीतरी आवाज येण्याची, कारण ऑनलाइन कॉलवर तीन सेकंद शांतता झाली की समोरच्याला लाइन तुटल्यासारखे वाटते. त्यासाठी दोन-तीन वाक्ये हाताशी ठेवा: "लेट मी ओपन द फाइल, वन मोमेंट." "आय हॅव द फिगर्स हिअर, जस्ट अ सेकंड." "आय विल चेक विथ अवर एजंट अँड कन्फर्म बाय मेल टुडे." या शेवटच्या वाक्याचा तुम्हाला विशेष उपयोग होईल, कारण त्याने गोष्ट तुमच्या बलस्थानाकडे, म्हणजे मेलकडे वळते. मात्र 'टुडे' म्हटले तर त्याच दिवशी मेल गेलीच पाहिजे. हे वाक्य पळवाट म्हणून वापरले जात आहे असा संशय ग्राहकाला एकदा आला की त्याची किंमत संपते.

ऐकू आले नाही किंवा कळले नाही तर पुन्हा विचारण्याची लाज वाटते, असेही तुम्ही लिहिता. नायमेगेनच्याच संस्थेतील संशोधकांनी २०१५ मध्ये बारा भाषांमधील अनौपचारिक गप्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लोक आपापल्या मातृभाषेत, घरच्या माणसांशी बोलतानाही सरासरी दीड मिनिटाच्या आतच एकदा "काय म्हणालास?", "कोण?", "कधी म्हणालीस?" असे काही विचारतात, असे त्यात दिसले. त्यातली दुसरी गोष्ट तुमच्या अधिक कामाची आहे: शक्य असेल तिथे लोक मोघम न विचारता नेमके विचारतात. नुसते "सॉरी?" म्हटले तर समोरचा सगळे वाक्य पुन्हा, कदाचित अधिकच वेगाने म्हणतो. त्याऐवजी जे कळले ते धरून ठेवा आणि निसटलेला तुकडाच विचारा: "यू नीड द बॅलन्स क्वांटिटी बाय विच डेट?" किंवा "डिड यू से फिफ्टीन ऑर फिफ्टी, वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झीरो?" असे विचारणारा माणूस अडाणी वाटत नाही. त्याचे लक्ष कामावर आहे, असेच ऐकणाऱ्याला वाटते.

आकड्यांच्या बाबतीत तर हा आग्रह धराच. परदेशी ग्राहकाशी बोलताना 'लाख' टाळा, "वन हंड्रेड अँड फिफ्टी थाउजंड" म्हणा. जर्मन आणि इटालियन लोक हजारांच्या जागी टिंब आणि दशांशाच्या जागी स्वल्पविराम देतात, त्यामुळे त्यांच्या शीटमधले १.२५० म्हणजे बाराशे पन्नास असू शकतात. शंका आली तर आकडा अंकाअंकाने वाचून दाखवा. वेळेचेही तसेच आहे. इंग्लंडमध्ये 'हाफ एट' म्हणजे साडेआठ, तर जर्मन भाषेत त्याच घाटाचा शब्दप्रयोग साडेसातसाठी आहे. म्हणून "सेव्हन थर्टी" असे सरळ आकडे घ्या आणि सोबत कोणाच्या घड्याळाप्रमाणे तेही सांगा. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे सरकतात. उन्हाळ्यात आपण साडेतीन तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेचार. भोसरीत कॉलची वाट पाहत तासभर बसून राहण्याची वेळ बहुधा याच आठवड्यांत येते.

एक सवय मला पुण्यातल्या जवळजवळ सगळ्याच मराठी मंडळींत दिसते आणि तिच्याविषयी सावध करणे मी आवश्यक मानते. समोरचा बोलत असताना आपण "हो, हो" म्हणत राहतो. त्याचा अर्थ "ऐकते आहे, पुढे बोला" एवढाच असतो. कॉलवर त्याचे "येस, येस" होते, आणि ग्राहक ते मान्यता म्हणून नोंदवून घेतो. त्याने "मग हे विमानभाडे तुम्ही सोसाल" असे म्हटले आणि तुम्ही ऐकता-ऐकता दोनदा "येस" म्हटले, तर पुढे लेखी निस्तरणे फार जड जाते. ऐकत असल्याची खूण म्हणून "आय सी" किंवा "ओके, आय अंडरस्टँड युवर पॉइंट" म्हणा, आणि खरोखर मान्य असेल तेव्हाच "येस, वी ॲग्री" म्हणा. तसेच आपल्याकडे आदर क्रियापदातच असतो. "पाठवा" म्हटले की पुरेसा मान दिला जातो. त्याचे "सेंड मी द ड्रॉइंग" केले की मान गळून पडतो आणि हुकूम उरतो. "कुड यू सेंड मी" एवढ्या बदलाने तो परत येतो. हे तुम्ही मेलमध्ये अचूक करता, फक्त जिभेला त्याची सवय लावायची आहे.

कॉलच्या सुरुवातीच्या दोन मिनिटांच्या इकडच्या-तिकडच्या गप्पांची तुम्हाला धास्ती वाटते, पण तिथे फार काही लागत नाही. पुण्याचा पाऊस आणि गणपतीच्या सुट्ट्या हे दोन विषय चार-चार वाक्यांत सांगता यावेत. शिवाय एक प्रश्न विचारता यावा, आणि तो तुमच्या कामाशी जोडलेला असला तर फारच उत्तम. इटलीतले बरेच कारखाने ऑगस्टच्या मध्याला बंद असतात, जर्मनीत नाताळाच्या सुमारास तसेच होते. "व्हेन इज युवर प्लांट क्लोज्ड धिस समर?" हा गप्पांचा प्रश्न वाटतो, पण त्याच्या उत्तरावरून तुम्हाला कंटेनर कधी पोहोचलेला नको हेही कळते.

सरावाला सोबत कोणाची घ्यावी? माझे उत्तर कदाचित तुम्हाला अवघड वाटेल: त्या मुलाचीच. आठवड्यातून दोनदा जेवणाच्या सुट्टीनंतर पंधरा मिनिटे त्याला ग्राहक व्हायला सांगा. त्याने मध्येच तोडावे, आकडे भराभर सांगावेत, तक्रार करावी, आणि तुम्ही उत्तर द्यावे. चुका त्याने तिथल्या तिथे सुधारू नयेत, शेवटी दोनच सांगाव्यात. बदल्यात तुम्ही त्याला एफओबी आणि सीआयएफ या निर्यात-व्यवहाराच्या अटींमध्ये जोखीम आणि खर्च कोणाकडे कुठे जातो, शिपिंग बिलात काय चुकले की माल अडतो, हे शिकवा. त्याला याची गरज आहे आणि ती गरज त्यालाही ठाऊक असणार. तुमच्या मनात त्याच्याविषयी जो सल आहे, तो या देवाणघेवाणीत निवळेल अशी मला आशा आहे.

त्याच्याखेरीज आणखी दोन साधने आहेत. अमेरिकेत १९२४ साली सुरू झालेल्या टोस्टमास्टर्स या संस्थेचे क्लब पुण्यात अनेक ठिकाणी भरतात आणि पाहुणे म्हणून जाऊन बघता येते. तिथे आयत्या वेळी दिलेल्या विषयावर एक-दोन मिनिटे बोलण्याचा जो भाग असतो, तो तुमच्यासारख्यांना फार उपयोगी आहे. तयार भाषणांचा भाग तुमच्या कामाला त्यामानाने कमी येईल. दुसरे साधन म्हणजे फोनवरचे बोलणारे एआय सहायक. रात्री अकरा वाजताही ते ग्राहकाची भूमिका घेतात, कंटाळत नाहीत आणि लाजही वाटू देत नाहीत, म्हणून सुरुवातीला चांगले. पण ते अतिशय सबुरीने ऐकतात, आणि खरा ग्राहक तसे ऐकत नाही. शिवाय ग्राहकाचे नाव, दर, ड्रॉइंग यांतले काहीही त्यांना सांगू नका. सरावासाठी खोटे आकडे पुरतात.

ज्या वाचकांचे काम निराळे आहे, त्यांनीही हीच रीत आपल्या जागी लावून पाहावी. हिंजवडीत रोज सकाळी पंधरा मिनिटांच्या बैठकीत तीन वाक्ये बोलावी लागणाऱ्या मुलीने तीच तीन वाक्ये आदल्या रात्री घोटावीत. चाकणला ऑडिटरला लाइन दाखवणाऱ्या सुपरवायझरने आपल्या लाइनवरून खरोखर चालत, एकेका मशिनसमोर थांबून मोठ्याने बोलावे. ज्यांना मुळात वाचून-ऐकूनच कळत नाही, त्यांना मात्र हा सल्ला लागू नाही. त्यांनी आधी पाया पक्का करावा, आणि त्यांच्यासाठी चांगला क्लास योग्यच आहे.

राहता राहिले साहेब. त्यांना "मला इंग्रजी येत नाही" असे सांगू नका, कारण ते खरे नाही. असे सांगा की, हे काम तुम्ही घेत आहात, पण पुढचे तीन महिने कॉल दोघांत वाटून घ्यायचा आहे. पहिल्या महिन्यात डिस्पॅचची स्थिती तुम्ही सांगाल आणि बाकीचे तो मुलगा बोलेल. दुसऱ्या महिन्यात उशीर आणि कागदपत्रे हे विषयही तुमच्याकडे येतील. तिसऱ्यात तक्रारी आणि खर्चाच्या गोष्टी. कोणत्याही समंजस वरिष्ठाला ही मागणी वावगी वाटू नये. तीन महिन्यांनंतरही तुम्हाला हे काम नकोसेच वाटले, तर तेव्हा दिलेला नकार तुमच्या आवडीनिवडीचा असेल आणि तो निःसंकोच द्या.

पुढच्या कॉलच्या आदल्या दिवशी दुपारी ग्राहकाला अजेंडा पाठवा. मेल तुम्हीच लिहा. त्यात डिस्पॅचची स्थिती हा पहिला मुद्दा ठेवा, म्हणजे वाट पाहत धास्तावण्याआधीच तुमचे बोलणे होऊन जाईल, आणि त्या मुद्द्यासमोर बोलणाऱ्याच्या रकान्यात स्वतःचे नाव घाला. कॉल संपल्यावर तासाभरात मिनिट्सही तुम्हीच पाठवा, आणि कॉलवर जो आकडा किंवा तारीख सांगताना तुम्ही अडखळलात ती त्यात ठळक अक्षरांत लिहा.